झटका मशीनमधली एका सेकंदाची उसंत

विदर्भात वावराच्या धुऱ्यावरून गेलेली बारीक तार आणि कोपऱ्यातल्या खांबावर सोलर प्लेटखाली टिक-टिक करणारी पेटी आता गावोगावी दिसते. तूर-हरभऱ्यावर पडणाऱ्या रानडुकरांमुळे आणि रोह्यांमुळे (नीलगायींमुळे) रात्ररात्र जागली करणाऱ्या शेतकऱ्याला या पेटीने, म्हणजे झटका मशीनने, थोडी झोप मिळवून दिली. मात्र त्याच शिवारात काही ठिकाणी कुंपणात थेट लाइनचा करंट सोडला जातो, आणि त्यात वाघांचे तसेच माणसांचेही बळी गेले आहेत. दोन्ही तारा दिसायला सारख्याच. व्होल्ट मोजले तर मशीनच्या तारेवर आठ-दहा हजार भरतात आणि घरच्या लाइनवर 230, म्हणजे हिशेब उलटाच दिसतो. खरा फरक वेळेचा आहे.

लाइनमधला प्रवाह अखंड वाहतो. दहा-पंधरा मिलीअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. मशीनचा झटका मात्र क्षणार्धात संपतो आणि पुढचा येईपर्यंत तार निर्जीव असते, म्हणून जनावराला किंवा माणसाला अंग काढून घेता येते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार झटका 10 मिलिसेकंदांपेक्षा लांब नसावा, दोन झटक्यांमध्ये किमान एक सेकंद जावा आणि 500 ओहमच्या भारावर एका झटक्याची ऊर्जा 5 जूलच्या पुढे जाऊ नये, असे बंधन आहे.

ही वेळ पाळणारी मंडले, म्हणजे विजेची सर्किटे, कुंपणासाठी जन्मली नव्हती. फ्रान्समध्ये आब्राम आणि ब्लोक यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात निर्वात नळ्यांच्या जोडीतून आपोआप चालू-बंद होणारे मल्टिव्हायब्रेटर मंडल उभे केले. इंग्लंडमध्ये एक्लिस आणि जॉर्डन यांनी 1918 मध्ये दोन स्थिर अवस्थांच्या मंडलाच्या पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत ऑटो श्मिट हा विद्यार्थी माकूळ या समुद्री जिवाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करत असताना 1934 मध्ये त्याला एक वेगळे मंडल सुचले. त्यात चालू होण्याची पातळी वरची आणि बंद होण्याची खालची ठेवलेली असते, त्यामुळे मधल्या किरकोळ चढउताराने मंडल फडफडत नाही. तारेला गवत टेकून व्होल्टेज थोडे हलले म्हणून सायरन सारखा वाजू नये, यासाठी आजही हाच विचार वापरावा लागतो. मला या साऱ्या इतिहासात हाच शोध सर्वांत मोलाचा वाटतो.

कुंपणाच्या बाजूने न्यूझीलंडचा वाटा मोठा आहे. मोटारीला अंग घासणाऱ्या घोड्याला दूर ठेवण्यासाठी बिल गॅलागर यांनी 1930 च्या दशकात केलेल्या जोडणीतून तिथे कुंपणयंत्र पुढे आले, आणि 1962 मध्ये रुआकुरा संशोधन केंद्रात डग फिलिप्स यांनी कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरून एकदम रिकामा करण्याची पद्धत आणली, ज्यामुळे लांबच लांब तारेवर गवत टेकले तरी झटका टिकू लागला.

स्वस्त मशीन शक्य झाले ते मात्र 555 या आठ पायांच्या चिपमुळे. हान्स कामेनझिंड यांनी ती 1971 मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचली. एक लहान कपॅसिटर पुरवठ्याच्या दोन तृतीयांश व्होल्टेजपर्यंत भरतो, एक तृतीयांशापर्यंत उतरतो, आणि त्या चढउतारातूनच टिक-टिकीचा ताल ठरतो. श्मिटच्या दोन पातळ्या इथे पुन्हा भेटतात. कंपनीने या चिपचे पेटंट घेतलेच नाही, त्यामुळे इतर कारखान्यांनी ती लगेच बनवली आणि किंमत पडली. अनेक साध्या झटका मशीन उघडल्या की हीच काळी चिप दिसते.

पेटंटमुळे शोध केवळ अडून राहतो असे मात्र नाही, कारण हक्क देताना मंडलाचा आराखडा जाहीर होतो आणि मुदत संपली की तो सर्वांचा होतो. जगभरातली अशी कागदपत्रे जमवणारी पेटंट माहिती यंत्रणा सरकारने 1980 मध्ये आपल्याच नागपुरात उभी केली, हे विदर्भातल्या मशीन जुळवणाऱ्या कारागिरांनी लक्षात ठेवावे.

मशीन घेताना घड्याळ लावून टिक-टिक मोजावी. मिनिटाला 60 पेक्षा जास्त भरली, तर ते मशीन धुऱ्यावर लावू नये.