कृषी महाविद्यालय, परभणी

मराठवाड्यातील पहिले कृषी महाविद्यालय. स्थापना १९५६. परभणीत शेतीचे प्रयोग त्याच्या बरेच आधी सुरू झाले होते. निजामी राजवटीत १९१८ मध्ये येथे मुख्य प्रयोगक्षेत्र उभे राहिले. मात्र शेतीची पदवी घ्यायची तर हैदराबादच गाठावे लागे. भारी काळ्या जमिनीतली कपाशी आणि ज्वारी परभणीत, शिक्षण मात्र दूर, ही अडचण हैदराबाद राज्याने अगदी अखेरच्या काळात दूर केली. त्याच वर्षी, म्हणजे १९५६ मध्ये, भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि महाविद्यालय त्याचा घटक बनले. २०१३ पासून विद्यापीठाच्या नावात वसंतराव नाईक यांचे नाव आहे.

बी. एस्सी. (कृषी) ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी हा येथील मुख्य अभ्यासक्रम. कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण हे त्यातले प्रमुख विषय. पुढे पदव्युत्तर आणि आचार्य पदवीचीही सोय आहे. उद्यानविद्या, अन्नतंत्र आणि कृषी अभियांत्रिकीची महाविद्यालये याच परिसरात वेगळी आहेत. दहावीनंतरची पदविका कृषी तंत्र विद्यालयांतून मराठीत शिकवली जाते. पदवीचे माध्यम मात्र इंग्रजी, त्यामुळे घरी तिफण आणि वखर हाताळलेल्या मुलांना आपलीच शेती पहिल्या वर्षी परक्या शब्दांत शिकावी लागते. हे ओझे लहान नाही.

या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. शेवटच्या वर्षी विद्यार्थी खेड्यात जातात. गावात त्यांना 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून ओळखतात. मातीचा नमुना कसा घ्यावा, पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम हे नत्र पुरवणारे जिवाणू कोणत्या क्रमाने लावावे, निंबोळी अर्क कसा काढावा, हे ते बांधावर करून दाखवतात. पाऊस लांबला असताना दुबार पेरणीला पैसे कुठून आणायचे, असा प्रश्न समोर आला की पुस्तकातली आपत्कालीन पीक योजना त्यांना खऱ्या अर्थाने कळते.

परभणी, बदनापूर आणि नांदेड येथील संशोधनाचा आधार अध्यापनाला मिळतो. केवडा रोगाला प्रतिकारक्षम 'परभणी क्रांती' भेंडी, रब्बी ज्वारीचा 'परभणी मोती', सोयाबीनचा एमएयूएस-७१, लवकर येणारी बीडीएन-७११ तूर आणि नांदेडचा एनएचएच-४४ कापूस ही वाणे याच विद्यापीठाची. पाऊस अनिश्चित असलेल्या या भागात कमी दिवसांत येणाऱ्या वाणाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

विद्यापीठाचे दोन शेतकरी मेळावे ठरलेले आहेत: खरिपाचा १८ मे रोजी, स्थापनादिनी, रब्बीचा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. दोन्ही दिवशी आठही जिल्ह्यांतून शेतकरी येतात आणि बियाणे घेऊनच परततात.