तेजोमेघांसाठीचा लॅपटॉप आणि ग्रहांसाठीचा लॅपटॉप

खगोलछायाचित्रणाचा कॅमेरा चालवायला लॅपटॉप घ्यायचा असेल, तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते: फोटो तेजोमेघ-दीर्घिकांचे काढायचे की ग्रहांचे आणि चंद्राचे? दोन्हींसाठी दुर्बीण तीच असू शकते, माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार) तोच असतो, म्हणून लॅपटॉपही तसाच लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या कामात लॅपटॉपने रात्रभर न अडखळता चालू राहायचं असतं, तर दुसऱ्यात दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओचा डेटा प्रचंड वेगाने लिहून घ्यायचा असतो. एका कामात चोख असलेला लॅपटॉप दुसऱ्यात साफ तोकडा पडू शकतो.

आकडे मांडले की फरक लगेच कळतो. आयएमएक्स ५७१ सेन्सरच्या कॅमेऱ्याची एक फ्रेम ६२४८ × ४१७६ पिक्सेलची असते. पिक्सेलला २ बाइट धरले की ती साधारण ५२ एमबी होते. १८० सेकंदांचं एक्स्पोजर घेतलं तर तासाला २० फ्रेम, म्हणजे जेमतेम १ जीबी. आठ तासांत साडेआठ जीबीसुद्धा भरत नाही. आता गुरू घ्या. ८०० × ६०० पिक्सेलचा तुकडा, ८ बिट, सेकंदाला २०० फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला ९६ एमबी. दोन मिनिटांचा व्हिडिओ साडेअकरा जीबीचा होतो. तेजोमेघाची अख्खी रात्र गुरूच्या एका व्हिडिओपेक्षा कमी जागा घेते! चंद्राचं तर विचारूच नका: आयएमएक्स १७८ सेन्सर पूर्ण फ्रेमवर, ८ बिटमध्ये, सेकंदाला ५० फ्रेमने चालवला तर वेग ३२० एमबीच्या वर जातो.

म्हणून ग्रहांसाठी लॅपटॉप निवडताना सगळ्यात आधी डिस्क पाहावी. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपासच लिहिते, त्यामुळे गुरूच्याच वेगाला ती काठावर येते. स्वस्त, हलक्या लॅपटॉपमध्ये डिस्कऐवजी असणारी ईएमएमसी मेमरीही फार पुढे नसते. एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क: साटा जोडणीची सेकंदाला ५०० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई जोडणीची त्याच्या कितीतरी पुढे. पण खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. बऱ्याच स्वस्त एसएसडी, विशेषतः क्यूएलसी प्रकारच्या (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या), सुरुवातीचे काही जीबी कॅश नावाच्या वेगवान भागात घेतात आणि कॅश भरली की एकदम मंदावतात, काही तर हार्ड डिस्कइतक्या. डिस्क भरत आली की ही कॅश आणखी लहान होते. लक्षण ठरलेलं: पहिला व्हिडिओ व्यवस्थित, तिसऱ्या-चौथ्यापासून फ्रेम गळायला लागतात. टीएलसी प्रकारची (पेशीत तीन बिटची) एनव्हीएमई घ्यावी आणि सत्र सुरू करण्यापूर्वी निम्मी तरी रिकामी ठेवावी.

डिस्क क्षणभर थबकली तर शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर हे व्हिडिओ नोंदवणारे प्रोग्राम आलेल्या फ्रेम रॅममध्ये धरून ठेवतात. ९६ एमबीच्या वेगाला ४ जीबीचा असा बफर (तात्पुरता साठा) सुमारे चाळीस सेकंद तग धरतो. यासाठी १६ जीबी रॅम सार्थकी लागते. तेजोमेघांच्या कामात निना (सगळ्या उपकरणांचं नियंत्रण करणारा प्रोग्राम) आणि पीएचडी२ (माउंटचा माग अचूक ठेवणारा प्रोग्राम) एकत्र चालवायला ८ जीबी पुरते.

यूएसबीचंही तसंच. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ४० एमबीच्या आसपास डेटा येतो. तेवढ्यात ५२ एमबीची फ्रेम दीड सेकंदाच्या आत उतरते, आणि एक्स्पोजरच तीन मिनिटांचं असताना त्याचं काही बिघडत नाही. गुरूचा वेग मात्र सेकंदाला २०० फ्रेमवरून ऐंशीच्या घरात येतो. ग्रहांचा कॅमेरा मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं उपकरण) न लावता थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला, ३ मीटरपर्यंतच्या केबलने जोडावा. तेजोमेघांच्या मांडणीत उलट असतं: कॅमेरा, गाइड कॅमेरा (माग ठेवण्यासाठीचा दुसरा छोटा कॅमेरा), फोकसर, फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारं चाक), माउंट हे सगळं दुर्बिणीवरच बसवलेल्या, १२ व्होल्टवर चालणाऱ्या हबमध्ये घ्यायचं आणि खाली एकच केबल आणायची. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेला हब इथे हमखास दगा देतो. केबल कॅमेऱ्याजवळ पट्टीने बांधावी, नाहीतर माउंट फिरताना तिचं वजन पोर्टवर येतं आणि मध्यरात्री कॅमेरा 'सापडत नाही'.

प्रोसेसरसाठी पैसे ओतणं दोन्हीकडे चुकीचं आहे. इंटेल एन१०० सारखी कमी वीज खाणारी चिप तेजोमेघांचं सगळं नियंत्रण सांभाळते, अगदी अॅस्टॅप या प्रोग्रामने ताऱ्यांच्या नकाशावरून दुर्बिणीची दिशा ओळखणंसुद्धा. फक्त अॅस्टॅपला लागणारी ताऱ्यांची यादी घरीच उतरवून ठेवावी, मैदानावर इंटरनेट असेलच असं नाही. ग्रहांसाठी थोडा वेगवान प्रोसेसर बरा, पण तिथेही कच्चा व्हिडिओ नोंदवून रंग नंतर काढले की भार कमी होतो. मोठं ग्राफिक्स कार्ड कॅप्चरच्या कामात जवळपास काहीच करत नाही, वीज मात्र खातं. फोटोंवरची प्रक्रिया हे तिसरंच काम. तेजोमेघाच्या आठ तासांतल्या १६० फ्रेम रंगीत, ३२ बिटमध्ये उघडल्या की प्रत्येकी ३१० एमबीच्या वर जातात. ती गरज घरातल्या संगणकाने भागवावी, दवात ठेवायच्या लॅपटॉपने नव्हे.

विजेचा प्रश्न तेजोमेघवाल्यांचा. सरासरी १२ वॅट खाणाऱ्या लॅपटॉपला आठ तासांत ९६ वॅट-तास लागतात आणि हलक्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा ५०च्या आसपास असते. थंडीत ती आणखी लवकर बसते. म्हणून यूएसबी-सी पीडीने (यूएसबी-सी पोर्टमधून जास्त वीज देण्याच्या पद्धतीने) चार्ज होणारा लॅपटॉपच घ्यावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून कारमध्ये वापरतात तसल्या पीडी चार्जरने तो थेट चालतो, मध्ये इन्व्हर्टर लागत नाही आणि त्यात वाया जाणारी वीज वाचते. ग्रहांचं सत्र दोन-तीन तासांत आटोपतं, पण तिथे वेगळी अडचण येते: बॅटरीवर जाताच बरेच लॅपटॉप वेग कमी करतात आणि फ्रेम गळतात. चार्जर लावून ठेवावा किंवा पॉवर मोड सर्वोच्च कामगिरीवर ठेवावा.

खरेदीपूर्वी ऑपरेटिंग सिस्टिम नीट पाहा. निना आणि अॅस्कॉम (उपकरणांना प्रोग्रामशी जोडणारी प्रणाली) फक्त विंडोजवर चालतात. स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपवर साधे प्रोग्राम अनुकरणाने चालले तरी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर या चिपच्या एआरएम रचनेसाठी खास बनवलेलाच लागतो. तो उपलब्ध नसेल तर लॅपटॉप कितीही चांगला असला तरी कॅमेरा जोडताच येणार नाही. मॅकवर इंडी (अॅस्कॉमसारखी प्रणाली) आणि तिच्यासोबत चालणारा केस्टार्स, किंवा ग्रहांसाठी फायरकॅप्चर हा मार्ग आहे. लॅपटॉप एस मोडमध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे प्रोग्राम चालू देणाऱ्या विंडोजमध्ये) आला असेल तर तो मोड आधी काढावा लागतो, त्याशिवाय यातलं बहुतेक सॉफ्टवेअर बसत नाही. घरात बसून लॅपटॉपवर नजर ठेवायची असेल तर विंडोज होमच्या लॅपटॉपला रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या संगणकावरून जोडता येत नाही, त्यासाठी प्रो आवृत्ती किंवा व्हीएनसी प्रकारचा प्रोग्राम लागतो. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, कारण यूएसबी ३ च्या केबलमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बिघडवतो.

रात्रभराच्या कामात यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरणं झोपवणारी सेटिंग) बंद करा. पॉवर ऑप्शन्समध्ये ते दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबची वीज वाचवण्याची खूण काढा. झाकण मिटल्यावर काहीही न करण्याची सेटिंग ठेवा, विंडोज अपडेट थांबवा. माउंटची सीरियल केबल दरवेळी त्याच पोर्टला लावा, कारण पोर्ट बदलला की कॉम क्रमांकही (विंडोजने त्या जोडणीला दिलेला क्रमांक) बदलू शकतो. पोर्टवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं की काम भागतं. ग्रहांसाठी घड्याळ जुळवा: गुरू मिनिटाला ०.६ अंश फिरतो आणि विनज्यूपॉस या ग्रहाचं फिरणं भरून काढणाऱ्या प्रोग्राममध्ये अनेक व्हिडिओ जुळवताना वेळेची चूक थेट रेखांशात उतरते.

दोन्ही करायचं असेल तर डिस्क आणि पोर्ट ग्रहांच्या हिशेबाने, वीज तेजोमेघांच्या हिशेबाने निवडा: ५१२ जीबी एनव्हीएमई, १६ जीबी रॅम, दोन यूएसबी ३ पोर्ट, यूएसबी-सी चार्जिंग, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये साटा एसएसडी बसवली तरी तेजोमेघ आणि गुरू दोन्ही निभावतात, चंद्राच्या पूर्ण फ्रेमला मात्र ती काठावर येईल.

चाचणी दिवसाच करा. ग्रहांसाठी कॅमेऱ्यावर झाकण ठेवून ५ मिलिसेकंद एक्स्पोजरवर दोन-दोन मिनिटांचे पाच व्हिडिओ लागोपाठ घ्या आणि गळालेल्या फ्रेमचा आकडा पाचव्याचा पाहा. तेजोमेघांसाठी सगळी उपकरणं जोडून १० सेकंदांच्या एक्स्पोजरची मालिका लावा, झाकण मिटा आणि सहा तासांनी किती फाइल झाल्या ते मोजा.