शाळेची घंटा, नाटकाची घंटा

येत्या नाताळच्या सुट्टीत बडोद्यात आमचा वर्ग एक संगीत नाटक करतो आहे. वर्ग म्हणजे १९८६ साली मराठी माध्यमातून दहावी झालेली, आता पंचावन्नीत पोचलेली माणसे. नाटकाचा विषयही तोच आहे: चाळीस वर्षांनी जुन्या वर्गखोलीत जमलेले विद्यार्थी, आणि घंटा होईपर्यंतचे दोन-अडीच तास. पहिले वाचन झाले तेव्हा घरच्याच माणसांनी विचारले, की मेळाव्यात चार गाणी म्हणणे समजू शकते, पण अख्खे नाटक गाण्यात कशासाठी? मला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. नंतर शोधत गेले, तर ते उत्तर आमच्याच गावात, सुरसागर तलावाच्या काठाशी सापडले.

पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. त्याआधी मराठीत गाणारी नाटके नव्हती असे नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, त्यातही पदे होतीच. पण ती पदे सूत्रधार म्हणायचा. सीतेचे दुःख सीतेच्या वतीने दुसराच कोणीतरी गायचा आणि पात्रे मधल्या जागेत आपापले बोलायची. अण्णासाहेबांनी पारशी मंडळींचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहिला, असे आपल्याकडे असायला हवे असे त्यांना वाटले, आणि त्यांनी शकुंतलेचे पद शकुंतलेच्या तोंडी दिले. मराठी संगीत नाटकाचा खरा जन्म मला या एका बदलात दिसतो. पदाची मालकी बदलली. ज्याचे मन, त्याचेच गाणे.

चालींसाठीही ते लांब गेले नाहीत. कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावण्या, बायकांच्या ओव्या-गाण्यांचे वळण, कर्नाटकी चाली असे जे लोकांच्या कानात आधीपासून होते, तेच त्यांनी रंगभूमीवर आणले. म्हणून 'सौभद्र' १८८२ मध्ये आले तेव्हा प्रेक्षकाला ते नवे असूनही परके वाटले नाही.

आणि याच १८८२ साली अण्णासाहेबांच्या किर्लोस्कर नाटक मंडळीला बडोद्याचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा मिळाला. भाऊराव कोल्हटकर बडोद्यात जन्मले आणि तिथेच नोकरीला लागले होते. नोकरी सोडून ते नाटकात गेले, शकुंतला झाले, सुभद्रा झाले, आणि 'भावड्या' या घरगुती नावाने अख्ख्या महाराष्ट्राचे लाडके झाले. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा त्यांचा उंच, लांब पल्ल्याचा आवाज ऐकायला लोक गावे ओलांडून येत. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेल्यावर मंडळी टिकली, त्यात भाऊरावांच्या गळ्याचा वाटा फार मोठा होता. १९०१ साली ते स्वतः गेले, अवघ्या सदतीसाव्या वर्षी. बडोद्यातल्या दांडिया बाजारातून जाताना हा मुलगा इथल्याच कुठल्यातरी गल्लीत पहिल्यांदा गुणगुणला असेल, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

दुसरा धागा गाणे शिकवण्याचा. मौलाबक्ष हे बडोदे दरबारचे गवई. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली त्यांनी इथे गायनशाळा सुरू केली. तोवर गाणे गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून मिळायचे. इथे ते फळ्यावर आले. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनाची पद्धत बसवली, क्रमिक पुस्तके लिहिली, ठरलेल्या वेळी तास आणि ठरलेल्या वेळी सुट्टी अशी शिस्त लावली. तीच गायनशाळा वाढत वाढत पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्‌स विभागात रुजली आणि आजही सुरसागरसमोर गाणे, नृत्य, नाट्य शिकवले जाते. भास्करबुवा बखले याच बडोदे संस्थानातले, 'कठोर' नावाच्या गावचे, आणि सुरुवातीला ते याच गायनशाळेत शिकले. पुढे १९१६ साली 'स्वयंवर' या संगीत नाटकाच्या चाली त्यांनी दिल्या, बालगंधर्वांनी त्या गायल्या, आणि नाट्यपदाला रागदारीची अशी झळाळी आली की लोक नाटकाला जाताना 'गाणे ऐकायला चाललो' असे म्हणू लागले. गंधर्व नाटक मंडळीला राजाश्रयही सयाजीरावांचाच होता. शाळेच्या तासाला शिकलेले गाणे रंगभूमीवर कसे पोचते, याचे एवढे सरळ उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

आमच्या वर्गात निम्म्या मुली होत्या, म्हणून गायिका हिराबाई बडोदेकरांचे नाव घेतलेच पाहिजे. त्यांचा जन्म मिरजेचा, पण वडील अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारात होते, आई ताराबाई बडोद्याची, आणि आडनावात बडोदे कायमचे राहिले. स्त्रीची भूमिका पुरुषाने करायची हाच रिवाज असताना हिराबाई स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि गायल्या.

आता शाळेकडे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याचे खरे शिक्षण बडोद्यातच सुरू झाले. त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायदा मुलींसह साऱ्या संस्थानाला लावला. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात गेले, १९६० च्या १ मे रोजी बडोदे गुजरातेत राहिले, आणि मराठी शाळा मात्र चालू राहिल्या.

आमच्या वर्गात दोन तऱ्हांची मराठी होती. एक जुन्या बडोदेकरांची, ज्यांचे आजे-पणजे गायकवाडांच्या फौजेत, खासगी कारभारात, कचेरीत होते. त्यांच्या बोलण्यात 'चल ने', 'सांग ने' असा गुजराती 'ने' लोंबत असे. दुसरी १९६५ ची कोयलीची रिफायनरी आणि १९६९ नंतरचा आयपीसीएल हा पेट्रोकेमिकल कारखाना यांच्यामागोमाग महाराष्ट्रातून आलेल्यांची. नव्यांना जुन्यांची भाषा बिघडलेली वाटायची, जुन्यांना नव्यांची पुस्तकी. मधल्या सुट्टीत शेवउसळ मात्र सगळे एकाच गाडीवर खायचे.

या वर्गाचे पुढे काय झाले, ते वेगळे सांगायला नको. कोणी न्यू जर्सीत, कोणी मस्कतला, कोणी पुण्यात, बरेचसे अजून बडोद्यातच. मुलांची शाळा इंग्रजी, व्यवहार गुजराती, घरात दोन्हींची मिसळ. आमच्या शाळेत मराठी माध्यमाचा वर्ग आता भरत नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा जमलो तेव्हा पहिला तास फार अवघड गेला. काय बोलायचे आणि कुठल्या भाषेत बोलायचे, तेच कळेना. मग मागच्या बाकावरून कोणीतरी शाळेची प्रार्थना सुरू केली, आणि जे तीस वर्षांत मराठीत एक पत्रही लिहू शकले नव्हते, त्यांनासुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत शब्द आठवत होते. एकही शब्द चुकला नाही. नाटकाचे बीज तिथे पडले. आमच्यात समाईक म्हणून जे उरले आहे ते बोलण्यात नाही, गाण्यात आहे. म्हणून अख्खे नाटक गाण्यात.

न्यू जर्सीच्या मैत्रिणीने आणखी एक धागा आणला. अमेरिकी रंगभूमीवर जुने सोबती पुन्हा भेटण्याचा विषय स्टीफन साँडहाइम यांनी दोनदा हाताळला. १९७१ च्या 'फॉलीज'मध्ये पाडल्या जाणाऱ्या थिएटरात जुन्या नर्तकी जमतात आणि त्यांची तरुण रूपे त्यांच्याच आसपास वावरतात. १९८१ च्या 'मेरिली वी रोल अलाँग'मध्ये तीन मित्रांची गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे जाते; त्या पहिल्या प्रयोगात यशस्वी झालेला नायक आपल्या जुन्या शाळेच्या पदवीदान समारंभात भाषणाला उभा असतो. वयाने लहान नटांना प्रौढांच्या भूमिका दिल्या होत्या, प्रेक्षक गोंधळले आणि नाटक सोळा प्रयोगांत बंद पडले. तेच नाटक २०२३ मध्ये ब्रॉडवेवर परत आले आणि २०२४ मध्ये त्याने सर्वोत्तम पुनरुज्जीवनाचा टोनी पुरस्कार मिळवला. मैत्रिणीने हा नवा प्रयोग पाहिला आणि रात्री दोन वाजता आम्हाला फोन केला. अण्णासाहेबांनाही ठिणगी दुसऱ्याच्याच खेळातून मिळाली होती, तेव्हा आम्हाला त्यात संकोच वाटला नाही.

मात्र उलट्या क्रमाची ती युक्ती आम्ही घेतली नाही. त्यांच्याकडे गाणे गोष्टीला पुढे ढकलते. आपले नाट्यपद घटकाभर काळ थांबवते. पात्र एका भावनेपाशी उभे राहते, आलापात रेंगाळते, आणि गोष्ट तोवर वाट पाहते. आठवणींना हेच बरे मानवते, असे माझे ठाम मत आहे. बोलपट आल्यावर संगीत नाटक मागे पडले, १९६० च्या 'पंडितराज जगन्नाथ'पासून 'मत्स्यगंधा', 'कट्यार काळजात घुसली' असे ते पुन्हा उभे राहिले, आणि २०१७ च्या 'देवबाभळी'ने नव्या पिढीलाही ते जवळचे केले. काळ थांबवण्याची ही सोय या सगळ्यांत टिकली.

तालमीत खरी अडचण पट्टीची, म्हणजे कोणी कुठल्या सुरापासून गायचे याची आली. शाळेच्या लहान वर्गांत मुलगे-मुली सगळे एका सुरात गायचे, कारण मुलग्यांचे आवाज अजून फुटले नव्हते. आता पुरुष पेटीच्या काळी एकच्या आसपास, बायका काळी चारच्या. शेवटी समूहाच्या चाली सहा-सात सुरांच्या आतच बांधल्या, प्रार्थनेच्या असतात तशा. बायकांनी थोडे खाली यायचे, पुरुषांनी एक सप्तक खालून गायचे. एकेकट्याच्या पदात मात्र प्रत्येकाला त्याची स्वतःची पट्टी.

नांदीच्या जागी हजेरी आहे. तिसरी घंटा होते, ती शाळेचीच पितळी घंटा आहे, आणि पडदा उघडताच बाई पटावरचे नंबर घेऊ लागतात. चाल तीनतालात आहे, नंबर आणि 'हजर' आळीपाळीने मात्रांवर पडतात. सत्तावीस नंबर आला की कोणी काही म्हणत नाही. तो आमच्यातला पहिला गेलेला. त्याच्या 'हजर'ची जागा आम्ही मुद्दाम नवव्या मात्रेवर आणली आहे. तिथे तबलजी फक्त 'खाली', म्हणजे तालातली टाळी नसलेली रिकामी जागा, दाखवतो, आणि बाई पुढचा नंबर घेतात.