कॉन्ट्रा आणि मुस्तफा: सोबतीने खेळण्याच्या दोन तऱ्हा

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या अनेकांच्या आठवणीत दोन खेळ जवळजवळ एकरूप झालेले आहेत. एक म्हणजे घरच्या टीव्हीवर कॅसेट लावून खेळायचा ‘कॉन्ट्रा’, आणि दुसरा म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमधला ‘मुस्तफा’. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या या दुसऱ्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ होते, पण आपल्याकडे तो त्यातल्या मुस्तफा या पात्राच्याच नावाने ओळखला गेला. दोन्हींत चित्र सपाट असते, मित्र शेजारी बसलेला असतो आणि शत्रूंना संपवत उजवीकडे जायचे असते. आजच्या कन्सोलवर या दोन्ही घराण्यांचे नवे खेळ मिळतात आणि ‘दोघांनी खेळायचे टू-डी ॲक्शन गेम’ म्हणून त्यांची नावे एका दमात घेतली जातात. मात्र एकाची गोडी मनात ठेवून दुसरा विकत घेणाऱ्याचा हिरमोड होण्याचा संभव असतो.

कॉन्ट्राच्या घराण्याला ‘रन अँड गन’ म्हणतात आणि मुस्तफाच्या घराण्याला ‘बीट एम अप’. एकात बंदूक आणि दुसऱ्यात हातापायी, असा फरक सहसा सांगितला जातो, पण तो पुरेसा नाही, कारण मुस्तफामध्येही रायफली आणि बझुका सापडत असत. खरा फरक पायाखालच्या जमिनीत आहे. कॉन्ट्राची जमीन ही बहुतेक ठिकाणी एक रेघ असते: पुढे जाता येते, उडी मारता येते, पण पडद्याच्या आत शिरता येत नाही. मुस्तफाची जमीन हा रुंद पट्टा असतो, ज्यावर वर-खाली सरकून शत्रूच्या ओळीत येता येते किंवा त्याच्या ओळीतून बाजूला होता येते. एवढ्या एका गोष्टीने सोबतीचा सगळा अर्थ बदलतो.

रेघेवर दोघांना एकच धोका एकाच वेळी गाठतो. घरच्या कॉन्ट्रात, म्हणजे १९८८ साली अमेरिकेत आलेल्या आवृत्तीत, एक गोळी लागली की एक जीव जात असे. त्यामुळे प्रत्येकाला स्वतःची उडी स्वतःच अचूक साधावी लागे, आणि तरीही सोबत्याचा वेग सांभाळावाच लागे. धबधब्याच्या टप्प्यात एकाने घाईने वर चढायला सुरुवात केली की खाली राहिलेला पडद्याच्या तळाशी मरत असे, हे ज्याने अनुभवले तो विसरणार नाही. आपले जीव संपले की जोडीदाराच्या शिलकीतला एक घेता येई, आणि माझ्या मते सोबतीच्या खेळांत याहून साधी व याहून हृद्य सोय क्वचितच झाली असेल. कॅनडातील स्टुडिओ एमडीएचआर यांच्या ‘कपहेड’ने (२०१७) हाच धागा पुढे नेला आहे. जोडीदार मेला की त्याचा आत्मा वर तरंगू लागतो, आणि तो पडद्याबाहेर जाण्याआधी उडी मारून त्याला नेमक्या क्षणी स्पर्श केला तर तो परत येतो. दोघे खेळत असताना बॉसची, म्हणजे टप्प्यातल्या मुख्य बलाढ्य शत्रूची, ताकदही वाढवलेली असते, म्हणजे सोबतीमुळे काम निम्मे होत नाही. फक्त चुकलेल्याला पुन्हा उठवणारे कोणीतरी असते.

पट्ट्यावर मात्र सोबत म्हणजे जागांची वाटणी. शत्रू दोन्ही बाजूंनी घेरतात, म्हणून एकाने डावी बाजू धरायची आणि दुसऱ्याने उजवी, किंवा एकाने जमाव अंगावर घ्यायचा आणि दुसऱ्याने बाजूच्या ओळीतून येऊन तो फोडायचा. एका फटक्याने मरण येत नाही, ताकदीची पट्टी हळूहळू उतरते, आणि म्हणूनच जमिनीवर सापडलेले खाणे कोणी उचलायचे हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. ज्याची पट्टी जास्त उतरली आहे त्याच्यासाठी ते न बोलता सोडून देणे, ही या घराण्याची खरी माया. ‘टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स: श्रेडर्स रिव्हेंज’ (२०२२) या खेळात ही माया नियमांतच बसवली आहे. जोडीदाराशी टाळी दिली की आपली थोडी ताकद त्याला मिळते, आणि पडलेल्याला मुदतीत पिझ्झा भरवून उठवता येते. इथे एका वेळी सहा जण खेळू शकतात. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’मध्ये (२०२०) एका घरात चार जण.

अलीकडे सीमा थोड्या पुसट होत आहेत. २०२४ च्या ‘कॉन्ट्रा: ऑपरेशन गॅलुगा’मध्ये आर्केड प्रकारात चौघांना खेळता येते, कथेच्या प्रकारात मात्र दोघांनाच. तरीही जमिनीची रेघ तिथे रेघच राहिली आहे, आणि चौघांच्या गर्दीत आपली गोळी कोणती हे ओळखणे अवघड जाते.

म्हणून निवड करताना शेजारी कोण बसणार आहे याचा आधी विचार करावा. रोज रात्री तासभर बसणारा एकच मित्र असेल आणि एकच टप्पा वीसदा हरण्याची दोघांची तयारी असेल, तर ‘कपहेड’ घ्यावा. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली आठ वर्षांची भाची आणि पूर्वी मुस्तफा खेळलेला मामा यांना एकत्र बसवायचे असेल, तर ‘श्रेडर्स रिव्हेंज’ लावावा. निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलच्या दोन जॉय-कॉनपैकी, म्हणजे सुट्या होणाऱ्या छोट्या कंट्रोलरपैकी, एक तिच्या हातात द्यावा आणि पिझ्झा कसा भरवायचा ते पहिल्याच टप्प्यात तिला शिकवावे.