घाम परत पिता येईल, पण उष्णतेचं काय?

‘ड्यून’चा तिसरा सिनेमा २०२६ च्या डिसेंबरात येणार हे जाहीर झाल्यापासून आमच्या लातुरात एक छोटी जमात भलतीच जोशात आहे. नीट आणि जेईईच्या या गावात पोरांना फावला वेळ कुठला, असं तुम्हाला वाटेल. असतो. क्लास सुटल्यावर चहाच्या टपरीवर जो अर्धा तास मिळतो, तेवढ्यात ही मंडळी वाळूच्या ग्रहावर जाऊन परत येतात. त्यांच्यात दोन तट आहेत. एक फ्रँक हर्बर्टची १९६५ ची मूळ कादंबरी वाचलेल्यांचा आणि दुसरा २०२१ आणि २०२४ चे दोन्ही सिनेमे पाहिलेल्यांचा. पहिल्या तटाचं म्हणणं, एका कादंबरीचे दोन सिनेमे केले तरी निम्मं पुस्तक बाहेरच राहिलं. दुसऱ्याचं म्हणणं, पुस्तकवाले सिनेमा बघायला येतच नाहीत, पंचनामा करायला येतात. तिसरा भाग १९६९ सालच्या पुढच्या कादंबरीवर बेतलेला आहे, म्हणजे भांडणाला नवा दारूगोळा.

एका वस्तूबद्दल मात्र दोघांचंही एकमत आहे, ती म्हणजे स्टिलसूट. अराकिस नावाच्या त्या ग्रहावर पाऊस नाही, नद्या नाहीत. तिथले फ्रेमेन लोक अंगभर एक चिकटून बसणारा पोशाख घालतात. घाम, श्वासातली वाफ, इतकंच काय मलमूत्रातलंही पाणी हा पोशाख गाळून घेतो आणि नळीवाटे परत प्यायला देतो. दिवसाकाठी शरीरातून बाहेर जाणारं पाणी जेमतेम अंगुस्तानभर.

‘सर, हा सूट आपल्याकडं असता तर टँकरची कटकटच मिटली असती की!’ एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणी हसलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी पाणी भरून लातूरला आल्या होत्या. दहा वाघिणींची पहिली खेप होती पाच लाख लिटरची. ज्या गावानं पाण्याची वाट बघत आगगाडीकडे डोळे लावले, त्या गावात स्टिलसूट ही गंमत नसते, मागणी असते.

सिनेमाबद्दल या पोरांची एक तक्रार अगदी रास्त आहे. पडद्यावरची पात्रं भर उन्हात तोंड उघडं टाकून, डोकं मोकळं ठेवून फिरतात. नट ओळखू यायला हवेत, हे समजतं. पण श्वासातून बाष्प जात असेल तर खालच्या पोशाखाची एवढी मिजास कशाला? कादंबरीतला फ्रेमेन असल्या माणसाला बावळट म्हणाला असता.

माझं भांडण तोंडावरच्या पट्टीशी नाही. ते सूटच्या मुळाशीच आहे आणि ते पाण्याचं नसून उष्णतेचं आहे.

घाम आला की गार वाटतं, असं आपण सहज म्हणून जातो. चूक. घाम उडाला की गार वाटतं. मुंबईत घाम भरपूर येतो आणि जीव तरी उकडूनच निघतो, कारण तो उडत नाही. मेमधल्या लातुरात अंगावर घाम दिसतही नाही, सदऱ्यावर फक्त मिठाचे पांढरे नकाशे उरतात. काम मात्र त्यानं चोख केलेलं असतं. ३५ अंशांच्या त्वचेवरचं एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २४२० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. हाच तो शाळेतला अप्रकट उष्मा. तो केवढा मोठा आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. तेवढंच पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला यातली जेमतेम एक अष्टमांश उष्णता पुरते.

आता खरी मेख. ही उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेच्या रेणूंबरोबर प्रवास करते. वाफेचं पुन्हा पाणी झालं की जेवढी घेतली तेवढी, पैसा न् पैसा, तिथंच परत मिळते. म्हणजे वाफ अंगापासून दूर जाऊन हवेत विरली तर तुम्ही गार. तीच वाफ सूटच्या आत पकडून तिचं पाणी केलं, तर सूट तापला आणि त्याच्या आत तुम्हीही.

घरी पडताळून बघा. दोन सारखे माठ भरा. एक नेहमीसारखा झिरपू द्या, दुसरा प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत तोंडापर्यंत गच्च बांधा. दुपारपर्यंत पहिल्याचं पाणी घशाला गार लागेल. दुसऱ्याच्या पिशवीला आतून थेंब लटकलेले दिसतील, थेंबभरही पाणी वाया गेलेलं नसेल आणि पाणी असेल कोमट. तो दुसरा माठ स्टिलसूट घालून बसला आहे.

पाणी कुठं जमेल, हाही प्रश्न सोपा नाही. अंगालगतची हवा ३५ अंशांना बाष्पानं पूर्ण भरलेली आहे असं धरा. तिचं दवबिंदू तापमानही ३५. तिच्यातून पाणी काढायचं तर ३५ पेक्षा थंड पृष्ठभाग हवा. बाहेरची हवा ४२ अंश, उन्हात तापलेलं सूटचं बाहेरचं आवरण ५५ किंवा ६०. मग सूटमध्ये सगळ्यात थंड जागा उरली कोणती? तुमचीच कातडी. म्हणजे वाफ जमलीच तर तुमच्याच अंगावर, आणि नेलेली उष्णता तिथंच परत ठेवून. हे कल्पनेतलं नाही. २०२० च्या उन्हाळ्यात पीपीई किट घालून काम केलेल्या कोणत्याही नर्सताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. किटमधून पाणी निथळत होतं आणि अंगाची लाही होत होती. पाणी अडवण्यात ते किट पहिल्या नंबरानं पास होतं.

हर्बर्टला हे अजिबात कळत नव्हतं असं नाही. त्याच्या पोशाखात उष्णता वाहून नेणाऱ्या तारा आहेत, मीठ वेगळं करणारे थर आहेत आणि हे सगळं चालवायला चालण्याच्या व श्वासाच्या हालचालीतून मिळणारी पंपाची ताकद आहे. म्हणजे थोडक्यात, अंगावर घालायचा फ्रिज. थंड जागेतली उष्णता उपसून गरम जागी फेकायची तर काम करावं लागतं, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम त्याला मान्य आहे. प्रश्न एवढाच की ते काम करणार कोण? तुमचे पाय.

इथून पुढे थोडं गणित आहे. कंटाळा आला तर उंटापर्यंत उडी मारा, पण मला विचाराल तर खरी मजा इथंच आहे.

ओझं घेऊन वाळूत चालणारा माणूस साधारण ४०० वॅट उष्णता तयार करतो. ऊन आणि तापलेली हवा मिळून आणखी १०० धरू. म्हणजे दर सेकंदाला ५०० ज्यूल बाहेर फेकायचे आहेत. नुसत्या घामावर भागवायचं तर ताशी पाऊण लिटर पाणी उडवावं लागेल. ते उडवायचं नाही असं ठरवलं, तर उष्मा-पंप लागेल. ३५ अंशांवरून उष्णता उचलून ६० अंशांच्या बाहेरच्या आवरणाला द्यायची. आदर्श पंप एका वॅटच्या कामात बारा वॅट उष्णता हलवेल. खरं यंत्र त्याच्या तिसऱ्या हिश्शावर आलं तरी शाबास म्हणायचं. म्हणजे एका वॅटला चार. ५०० वॅट हलवायला १२५ वॅट काम. ऐकायला फार नाही.

पण आपले स्नायू म्हणजे काही विजेची मोटर नव्हे. फार तर २५ टक्के कार्यक्षमता. १२५ वॅट काम काढायचं तर शरीराला ५०० वॅट जास्तीची ऊर्जा जाळावी लागते. त्यातले १२५ पंपाला जातात, उरलेले ३७५ अंगातच उष्णता म्हणून राहतात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ते ३७५ बाहेर काढायला आणखी काम, त्या कामाची आणखी २८१ वॅट उष्णता, ती काढायला आणखी काम. ५००, ३७५, २८१, २११… प्रत्येक पद आधीच्याच्या तीन चतुर्थांश. दहावी-अकरावीला शिकलेली ही भूमिती श्रेढी, तिची बेरीज येते २००० वॅट. तेवढी उष्णता हलवायला पायांनी सतत ५०० वॅट काम द्यायचं. जगातले अव्वल सायकलपटू तासभर ४०० वॅटच्या आसपास टिकतात, आणि तेही मोकळ्या हवेत, घाम उडवत.

आता पंप थोडा वाईट घेऊ. एका वॅटला चारऐवजी तीन. मग श्रेढीचं गुणोत्तर बरोबर एक होतं: ५००, ५००, ५००… बेरीज अनंत. म्हणजे कितीही पाय हलवा, सूट गार होणारच नाही. जितकं हलाल तितकं तापाल. हे पहिल्यांदा कागदावर उतरलं तेव्हा मला कादंबरीच्या शेवटापेक्षा जास्त आनंद झाला होता. असो.

यातून एक वाट मात्र निघते. फ्रेमेन शक्यतो रात्री प्रवास करतात. कोरड्या हवेच्या वाळवंटात रात्र थंड असते. आपल्या परभणीचा पारा थंडीत एक आकडी होतो, तसं काहीसं. मग सूटचं बाहेरचं आवरण अंगापेक्षा गार होतं, वाफ तिथं जाऊन जमते, उष्णता बाहेर निघून जाते, पंपाची गरजच नाही. स्टिलसूट रात्री उत्तम चालेल. गोम एवढीच की तेव्हा घामही फारसा येत नाही.

उंटानं हा प्रश्न सोडवताना पाणी परत मिळवण्याच्या भानगडीतच पडायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. तहानलेला उंट दिवसा अंगाचं तापमान वाढू देतो, पहाटेच्या ३४ अंशांवरून दुपारी ४० च्या वर. घाम गाळत नाही, उष्णता अंगात साठवतो आणि रात्रीच्या गार हवेत सोडून देतो. पाचशे किलोचं जनावर सहा अंश तापलं तर चारेक लिटर घाम वाचला. माणसाला हे जमत नाही. आपल्याला ४० म्हणजे दवाखाना.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मात्र खराखुरा स्टिलसूट आहे, फक्त तो घराएवढा आहे. तिथं श्वास, घाम आणि लघवी मिळून ९८ टक्के पाणी परत मिळवता येतं, असं नासानं २०२३ मध्ये सांगितलं. वीज सौर पंखांची, आणि उष्णता फेकायला बाहेर भलीमोठी रेडिएटर.

हे सगळं माहीत असलं की ‘हवेतून पाणी’ काढणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातीही जरा वेगळ्या दिसायला लागतात. ४२ अंश तापमान, १५ टक्के आर्द्रता, ही आपली मेमधली दुपार. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये साडेआठ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं आणि पहिला थेंब मिळायला ती १० अंशांपर्यंत थंड करावी लागते. कोकणात हे यंत्र बरं चालेल, जिथं त्याची गरज नाही. तरी त्याला पाणाड्यापेक्षा बरं म्हणीन. तळहातावर नारळ उभा राहिला की बोअर मारायचा, आणि कोरडा गेला की ‘अजून पन्नास फूट जा’. खाली बेसाल्ट आहे, पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं. नारळाला भेगा कळत नाहीत. लागलेल्या बोअरच्या गोष्टी गावभर होतात, कोरड्याचं कर्ज एकट्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बसतं.

तर हे सगळं मी टपरीवर मांडलं. पुस्तकवाला गट हिरमुसला, सिनेमावाला खूश झाला. मी आणखी एक आकडा पुढे केला. पायांऐवजी बॅटरी लावली तर? मग फाल्गुन मास टळतो, श्रेढी थांबते, सरळ १२५ वॅट पुरतात. बारा तासांच्या दिवसाला दीड युनिट वीज. आजच्या लिथियम बॅटरीत तिचं वजन भरेल नऊ किलोच्या आसपास. आणि बारा तासांत वाचलेलं पाणी? ताशी पाऊण लिटरनं नऊ लिटर. म्हणजे नऊ किलो. मग बॅटरी कशाला पाठीवर घेता, पाण्याची कॅनच घ्या.

यावर चहाचा कप खाली ठेवत एक मुलगी म्हणाली, ‘पण सर, कॅन एकदाच रिकामी होते. बॅटरी उन्हावर परत भरते की.’

मग कागद पुन्हा निघाला. दुपारच्या उन्हात एका चौरस मीटर सौर पॅनलवर साधारण २०० वॅट मिळतात. १२५ वॅटला पाऊण चौरस मीटरही लागत नाही. पाठीवर छत्रीसारखं धरलं तर वर सावलीही मिळते. पंपासकट ६२५ वॅट बाहेर फेकायला अंगाचा पृष्ठभाग कमी पडतो, म्हणून आवरणाला रेडिएटरसारखी पाती लावावी लागतील. दिसायला ते काहीतरी साळिंदर आणि सोलर पंप यांच्या मधलं होईल. पण बेरीज जुळते. आता डिसेंबरात तिसऱ्या भागात कोणाच्या पाठीवर पाती दिसतात का, यावर दोन्ही तटांची पैज लागली आहे.