संमोहन व शिथिलीकरण उपचार (बेळगाव सीमाभाग)

मनावरचा ताण, भीती, उडालेली झोप, न उतरणारे दुःख अशा भावनिक अडचणी हलक्या करण्यासाठी मानसोपचारात वापरली जाणारी पूरक तंत्रे. संमोहनात माणसाचे लक्ष एका गोष्टीवर एकवटते, आजूबाजूचे भान मागे सरते आणि सूचना मनावर घेण्याची तयारी वाढते. शिथिलीकरणात स्नायू आणि श्वास ठरवून सैल सोडले जातात, त्यामुळे शरीर ताणाच्या अवस्थेतून बाहेर येते. प्रत्यक्ष उपचारात आधी शिथिलीकरण आणि त्यातूनच पुढे संमोहन असा क्रम बहुधा असतो. संमोहन म्हणजे झोप नव्हे; मेंदूच्या विद्युत आलेखात ते झोपेसारखे दिसत नाही आणि माणसाला बोललेले ऐकू येत असते. प्रस्तुत नोंद बेळगाव, खानापूर, निपाणी आणि लगतच्या मराठी भाषकांच्या संदर्भात आहे.

पूर्वपीठिका : मोहिनीविद्या म्हटले की जुन्या पिढीला जत्रेतला जादूगार आठवतो. या बदनामीची सुरुवात व्हिएन्नाचा वैद्य फ्रान्झ मेस्मर (१७३४–१८१५) याच्यापासून झाली. आपल्या अंगातून एक चुंबकीय द्रव रोग्यात जातो, असा त्याचा दावा होता. १७८४ साली फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने नेमलेल्या आयोगाने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, असा द्रव नसल्याचे आणि परिणाम कल्पनाशक्तीचा असल्याचे ठरवले. आयोगाने हा विषय इथेच संपवला. खरे तर तो इथूनच सुरू व्हायला हवा होता.

तो सुरू केला बेळगावहून चोर्ला घाट उतरले की लागणाऱ्या गोव्यातल्या एका माणसाने. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया (‘आबे’ म्हणजे फ्रेंचमध्ये पाद्री) वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, रोममध्ये शिकले आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाले. १८१३ पासून त्यांनी तिथे जाहीर व्याख्याने व प्रयोग केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : समोरचा माणूस तंद्रीत जातो तो प्रयोग करणाऱ्याच्या शक्तीने नव्हे, स्वतःच्या एकाग्रतेने आणि अपेक्षेने, करणारा फक्त निमित्त असतो. ते रोग्याला खुर्चीत स्वस्थ बसवत, डोळे मिटायला सांगत आणि मग खणखणीत आवाजात ‘झोपा’ अशी आज्ञा देत. हातवारे नाहीत, लोहचुंबक नाही. ज्यांच्यावर या आज्ञेचा परिणाम होत नसे त्यांच्याबाबत त्यांनी माणसामाणसांतला फरक मान्य केला. सूचनेच्या आधुनिक सिद्धांताचे मूळ इथे आहे. १८१९ साली त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांचा या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

फारियांबद्दल एक आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचाच बसली. तेव्हा मागून वडील कोकणीत हळूच म्हणाले, ‘कातर रे भाजी’; समोर बसलेली ही सगळी भाजी आहे, चिरून टाक. भीती पळाली आणि प्रवचन रंगले. गोष्ट खरी असो नसो, सूचना कशी असावी याचा तो उत्तम नमुना आहे : छोटी, डोळ्यांसमोर चित्र उभे करणारी आणि घरच्या बोलीतली.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी फारियांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभारला गेला. काळ्या झग्यातले फारिया दोन्ही हात पसरून एका स्त्रीवर झेपावले आहेत आणि ती मागे कलली आहे. शिल्प म्हणून तो जबरदस्त आहे, पण हातांतून काहीतरी सुटते आहे असे जे त्यात दिसते तेच फारिया आयुष्यभर खोडून काढत होते. सहलीला गेलेली बेळगावची मंडळी त्याच्यापुढे फोटो काढतात आणि संमोहनाविषयी नेमका उलटा समज घेऊन परततात.

पुढचा इतिहास थोडक्यात. १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे कंपनी सरकारचा डॉक्टर जेम्स एस्डेल याने एका कैद्यावर मेस्मरच्या पद्धतीने गुंगी आणून अंडवृद्धीची शस्त्रक्रिया केली आणि मग तशा अनेक केल्या. ईथर व क्लोरोफॉर्म आल्यावर त्यांची गरज उरली नाही. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड याने नजर एका बिंदूवर खिळवण्याची रीत रूढ केली आणि १८४३ च्या ग्रंथात या विषयाला ‘हिप्नॉटिझम’ हे आजचे पाश्चात्त्य नाव दिले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये, तर अमेरिकन संघटनेने १९५८ मध्ये संमोहनाला वैद्यकीय वापरासाठी मान्यता दिली.

शिथिलीकरणाची परंपरा वेगळी आणि जास्त सरळ. शिकागोचा एडमंड जेकबसन याने स्नायू आधी आवळून मग सैल सोडण्याची पद्धत १९२९ साली पुस्तकरूपाने मांडली. जर्मनीत योहानेस शुल्ट्झ याने १९३२ मध्ये ‘हात जड होतोय, हात गरम होतोय’ अशा स्वयंसूचनांची पद्धत दिली. आपल्याकडे हठयोगप्रदीपिकेत शवासनाला थकवा घालवणारे आणि चित्ताला विसावा देणारे म्हटले आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. योगाच्या या प्रवासात बेळगावचाही एक धागा आहे. येथील सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी तरुण बी. के. एस. अय्यंगारांची प्रात्यक्षिके पाहिली आणि त्यांच्याच खटपटीने १९३७ मध्ये अय्यंगार पुण्याला शिकवायला गेले.

शरीरात काय घडते : ताण आला की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, जागी होते. ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल वाढते, नाडी जलद होते, श्वास उथळ होतो, खांदे वर चढतात. संकट टळले की हे सगळे उतरायला हवे. सततच्या काळजीत ते उतरत नाही. लांब उच्छ्वास आणि सैल स्नायू परानुकंपी, म्हणजे शरीराला विसावा देणाऱ्या, संस्थेला वाव देतात. संमोहनात वेदनेचा त्रास कमी होताना मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातील क्रिया बदलते, हे १९९७ पासूनच्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासांत दिसले आहे. सगळी माणसे सारखी संमोहित होत नाहीत. साधारण दहा-पंधरा टक्के लोक सहज खोल जातात, तेवढेच जवळजवळ जातच नाहीत आणि बाकीचे मध्ये कुठेतरी असतात.

बैठकीचे स्वरूप : पहिली भेट बहुतेक बोलण्यातच जाते. इथल्या रुग्णाची तक्रार मनाची नसते, अंगाची असते. डोके धरलेय, छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, हातापायांत मुंग्या येतात. दोन-तीन डॉक्टर झालेले असतात, ईसीजीचे कागद पिशवीत असतात. सगळे ‘नॉर्मल’ आल्यामुळे घरचे वैतागलेले असतात.

निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचे उदाहरण घेऊ. सूप मांडीवर, मान खाली, बोटे दिवसभर तेंदूच्या पानावर. तिला जेकबसनची रीत शिकवताना सुरुवात उजव्या मुठीपासून होते. मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळायची आणि एकदम सोडून द्यायची. मग अर्धा मिनिट त्या हातात काय जाणवते तेवढेच पाहायचे. पुढे दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. १९७० च्या दशकात सोळा स्नायुगटांचा जो सुटसुटीत क्रम रूढ झाला तोच आज सर्वत्र चालतो; जेकबसनच्या मूळ पद्धतीला महिनोन्‌महिने लागत. या बाईच्या बाबतीत खांदे आणि बोटे यांवर जास्त वेळ घालवावा लागतो. आपले खांदे कायम कानाकडे ओढलेले असतात हे तिला सोडल्यावरच कळते, आणि उपचाराचा अर्धा भाग हे कळण्यातच आहे.

संमोहनासाठी यापुढे नजर एका बिंदूवर खिळवतात, पापण्या जड होऊ देतात, आकडे उलटे मोजत एकेक पायरी उतरल्याची कल्पना करायला सांगतात. इंग्रजीतून आलेल्या छापील सूचनांत बहुधा समुद्रकिनारा असतो. खानापूरच्या शेतकऱ्याला त्याने काही होत नाही. भातखाचराचा बांध, पावसात कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या, मलप्रभेचा घाट यांनी तो पटकन आत जातो. वडगाव-शहापूरच्या विणकराला मागाचा आवाज त्रासाचा असेल असे वाटते, पण काहींना उलट त्या ठेक्यावरच गुंगी येते. म्हणून जाणते उपचारक सूचना आधी लिहून आणत नाहीत; रुग्णाच्या बोलण्यातून उचलतात. शेवटी एक ते पाच मोजून पूर्ण भानावर आणतात आणि घरी करायचा सराव सांगतात. रोज पंधरा-वीस मिनिटांचा हा सराव झाला नाही तर दवाखान्यातल्या बैठकीचा परिणाम फार टिकत नाही.

भाषेचा प्रश्न : सूचना ज्या भाषेत माणूस घाबरतो, रडतो, देवाला हाक मारतो त्या भाषेत द्यावी लागते. सीमाभागात हे सरळ घडत नाही. दवाखान्यात डॉक्टर कन्नड किंवा इंग्रजीत, परिचारिका कन्नडमध्ये, रुग्ण मराठीत आणि मध्ये दुभाष्या म्हणून पुतण्या, अशी चौकडी इथे नवी नाही. औषधाच्या गोळीला हे चालते. संमोहनाला चालत नाही. पुतण्यासमोर बाई सासरचे दुःख बोलणार नाही आणि दुभाष्यामार्फत दिलेल्या सूचनेचा ठेकाही राहत नाही. बेळगावात दोन्ही भाषा सहज बोलणारे डॉक्टर व समुपदेशक पुष्कळ आहेत, ही जमेची बाजू. पण बेळगावी मराठीचा हेल वेगळा, आणि पुस्तकी प्रमाण मराठीत ‘आता आपण विश्रांत अवस्थेत प्रवेश करीत आहात’ म्हटले तर रुग्ण डोळे उघडून बघतो.

ताणाची कारणे इतर ठिकाणांसारखीच : कर्ज, आजारपण, लग्नाचे जमणे-मोडणे, व्यसन, परीक्षा. त्यात इथे काही भर पडते. मराठी शाळेत शिकून पुढे कन्नड-इंग्रजीत कामकाज करावे लागणारी मुले, कचेरीतला न वाचता येणारा कागद, १९५६ पासून लोंबकळलेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्न. शिथिलीकरणाने यातले काहीच सुटत नाही, आणि तसे भासवणाऱ्या उपचारकापासून दूर राहावे. परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड मात्र नक्की कमी होते.

अंगात येणे : सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, मंगसुळीचा खंडोबा ही या भागातली मोठी दैवते. चौंडक्याच्या आणि हलगीच्या ठेक्यावर अंगात येणे इथे सर्वांच्या परिचयाचे आहे. एकवटलेले लक्ष, ठेका, समूहाची अपेक्षा यांचे संमोहनाशी साम्य आहे. तरी दोन्ही एक मानणे चूक ठरेल. अंगात येण्याला देवीचा आणि समाजाचा अर्थ असतो; घरात जिचे कोणी ऐकत नाही अशा सुनेचे त्या वेळी सगळे ऐकतात. दवाखान्यातल्या खुर्चीत असा अधिकार मिळत नाही. जाणकार मानसोपचारतज्ज्ञ या श्रद्धेची टिंगल करत नाहीत. मात्र भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या आणि कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने त्याला शिक्षा आहे.

मर्यादा व धोके : वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, दंतोपचार, आतड्याचा संवेदनशील विकार यांत संमोहनाचा उपयोग बऱ्यापैकी सिद्ध आहे, आतड्याच्या विकारावरील मँचेस्टरचा गाजलेला अभ्यास १९८४ चा. चिंता व निद्रानाशात शिथिलीकरण उपयोगी पडते. तंबाखू सोडवण्याबाबत पुरावा कच्चा आहे, जाहिराती कितीही पक्क्या असोत. तीव्र नैराश्यात हे औषधोपचाराला पर्याय नाही. भ्रम-भासांचा आजार किंवा उन्माद असताना संमोहन टाळतात. काहींना सैल सोडतानाच घाबरल्यासारखे होते. त्यांना डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर टेकवून थोडे थोडे शिकवतात.

सर्वांत मोठा धोका आठवणींचा आहे. संमोहनात ‘आठवलेले’ खरेच घडले असेल असे नाही, आणि उपचारकाने सुचवलेली गोष्ट रुग्णाला स्वतःची आठवण वाटू शकते. पूर्वजन्मात नेण्याच्या बैठकांना कोणताही वैज्ञानिक आधार नाही, पण त्यांची फी बहुधा जास्तच असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये राज्यांना कळवताना हा उपचार योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करावा असे म्हटले होते. मात्र ‘संमोहनतज्ज्ञ’ या पाटीला वेगळा कायदेशीर परवाना नाही. म्हणून मूळ पदवी पाहावी : मानसोपचाराची एम. डी. किंवा पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसते, एवढेच.

उपलब्धता : बेळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले जिल्हा रुग्णालय आणि जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे मानसोपचार विभाग आहेत. गंभीर रुग्णांसाठी धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे. ती जुन्या वेड्यांच्या इस्पितळातून वाढलेली असल्याने ‘याला धारवाडला न्या’ ही चेष्टा अजून चालते आणि तिच्यापायी लोक उपचार लांबवतात. निपाणीची मंडळी जवळ पडते म्हणून कोल्हापूर गाठतात. भाषेची अडचणही तिथे येत नाही. शासनाची १४४१६ ही टेलिमानस (मानसिक आरोग्याची फोनवरची) सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत असून कन्नडबरोबर मराठीतही बोलता येते. फोनवर संमोहन करत नाहीत, पण श्वासाचे साधे व्यायाम सांगतात आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता दाखवतात.