कोविडचे मृत्यू आणि कोविडकाळातले जादा मृत्यू

२०२१ संपताना भारतातल्या कोविडमृत्यूंचा सरकारी आकडा ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होता. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी ४७ लाखांचा अंदाज दिला. केंद्र सरकारने त्या पद्धतीवरच हरकत घेतली आणि यातला खरा आकडा कोणता, यावर भांडण जुंपलं. पण हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीतच. पहिला नोंदलेल्या कोविडमृत्यूंचा आहे, दुसरा जादा मृत्यूंचा.

पहिला आकडा कागदावरून, एकेक माणूस मोजून तयार होतो. रुग्णालयातले डॉक्टर फॉर्म ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, भरतात. त्यात वरच्या ओळीत मृत्यूचं तात्कालिक कारण लिहायचं, त्याखाली ते कशामुळे उद्भवलं ते, आणि शेवटी मूळ आजार. वर न्यूमोनिया आणि खाली कोविड-१९ लिहिलं, की मृत्यू कोविडचा धरला जातो. नुसतं ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून सोडलं, तर हृदय आणि श्वास थांबला एवढंच कळतं, आजार कळत नाही. आणि मुळात हा कागद किती जणांचा भरला जातो? २०२०मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. चाचणी न होता घरीच गेलेला माणूस कोविडच्या यादीत सहसा येतच नाही. काही जण उशिरा येतात: १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने मागचे १,३२८ मृत्यू एकदम आकड्यात धरले, त्यातले ८६२ मुंबईचे होते.

जादा मृत्यू मोजताना कारण विचारलंच जात नाही. एरवी तेवढ्या काळात किती माणसं गेली असती याचा अंदाज बांधायचा आणि तो प्रत्यक्ष मृत्यूंतून वजा करायचा. त्यामुळे डायलिसिस चुकल्याने दगावलेला रुग्णही यात येतो, आणि लॉकडाऊनमुळे टळलेले अपघात आकडा खाली आणतात. न्यूझीलंडचा आकडा तर शून्याच्याही खाली होता.

इथे खरी मेख ‘एरवी किती’ यात आहे. भारतात २०१८मध्ये ६९.५ लाख मृत्यूंची नोंद झाली, २०१९मध्ये ७६.४ लाखांची. महासाथ यायच्या आधीच एका वर्षात सुमारे सात लाखांची वाढ! यात नोंदणी सुधारल्याचा मोठा वाटा होता. म्हणून २०२१च्या १०२.२ लाखांतून २०१९चा आकडा वजा करून उरणारे सगळे २६ लाख जादा मृत्यू म्हणता येत नाहीत. उलट ज्यांची नोंदच झाली नाही, ते या वजाबाकीत कुठेच नाहीत.

देशाचं किती नुकसान झालं हे जाणून घ्यायचं तर मला दुसरा आकडाच, त्याच्या सगळ्या उणिवांसह, जवळचा वाटतो. पण कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजारांचं सरकारी सानुग्रह साहाय्य मागायला तो उपयोगी नव्हता, कारण त्यात कुणाचंच नाव नसतं. तिथे चाचणीचा किंवा डॉक्टरांचा कागदच लागायचा. आणि ज्या नोंदींवरून हा दुसरा आकडा तपासता आला असता, त्या २०२१च्या नोंदी देशासमोर आल्या मे २०२५मध्ये. हा उशीर मला अक्षम्य वाटतो.